लहान घरात जाताना जुन्या सामानातलं काय विकावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठं घर सोडून लहान घरात जाणाऱ्या ओळखीच्या लोकांचं सामान आवरायला मी बरीच वर्षं मदत करते आहे. सुरुवात माझ्या आईवडिलांच्या घरापासून झाली. तेव्हा खालच्या प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरं मला ठाऊक नव्हती. त्यामुळे काही चांगल्या वस्तू मी रद्दीत घातल्या, आणि कुणालाच नको असलेलं एक भलंमोठं कपाट वर्षभर भाड्याच्या जागेत ठेवलं. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिलं आहे.

सुरुवात कुठून करू? आधी सगळ्याची किंमत काढून घेऊ का?

नको. किंमत सगळ्यात शेवटी. आधी नव्या घराचं माप घ्या: खोल्या, दारं, लिफ्ट, जिन्याचं वळण. सोबत येणाऱ्या वस्तूंची यादी त्या मापावरून ठरू द्या. मग घरच्या माणसांना विचारा, कुणाला काय हवं आहे ते. मग कागदपत्रं बाजूला काढा. एवढं झाल्यावर जे उरेल, त्याच्याच किमतीचा विचार करायचा.

किंमतीपासून सुरुवात केली की माणूस पहिल्याच कपाटापाशी अडकतो. एकेक कप हातात घेऊन फोनवर शोधत बसतो, आठवडा जातो आणि कपाट तसंच भरलेलं राहतं. आणखी एक गोष्ट: पहिल्या दिवशी फोटोंचे अल्बम उघडू नका. माळा, अडगळीची खोली, गच्चीवरची पेटी अशा ठिकाणांपासून सुरू करा. तिथल्या वस्तूंत जीव कमी गुंतलेला असतो, आणि ‘हे नको’ म्हणायची हाताला सवय होते.

एवढ्या भरल्या घरातून साधारण किती वस्तू विकल्या जातील?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप कमी. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत, ज्यासाठी खरोखर गिऱ्हाईक शोधावं असं सामान जेवणाच्या एका मोठ्या टेबलावर मावलं. बाकीचं चांगलं होतं, वापरण्याजोगं होतं, पण विकण्यासाठी जेवढे कष्ट लागतील तेवढे पैसे त्यातून येणारे नव्हते.

यात तुमच्या वस्तूंचा दोष नाही. गेल्या शतकात घरगुती सामान कारखान्यांतून अफाट संख्येनं बाहेर पडलं. एका पिढीनं साधारण सारख्याच वस्तू घेतल्या, जपल्या, आणि आता ती सगळी घरं जवळजवळ एकाच वेळी रिकामी होत आहेत. देणारे पुष्कळ आहेत आणि घेणाऱ्यांची घरं लहान आहेत. म्हणून माझं सांगणं असतं की टेबलावर मावणाऱ्या त्या मोजक्या वस्तू ओळखण्यात मेहनत घाला आणि उरलेल्या हलक्या हातानं सोडा. लोक नेमकं उलट करतात. सोफ्याला चार पैसे यावेत म्हणून महिनाभर झटतात आणि त्याच घरातली जुन्या पत्रांची पेटी न पाहता फेकून देतात.

पण वस्तू शंभर वर्षं जुनी आहे. म्हणजे मौल्यवान असणारच ना?

नाही. वय हा किमतीतला एक भाग आहे, तोही मोठा नव्हे. जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, १८४० साली निघालं. इतिहासात त्याला मोठं स्थान आहे, पण ते ६ कोटी ८० लाखांहून अधिक छापलं गेलं आणि पुष्कळ प्रती टिकल्या, त्यामुळे त्याचा साधा वापरलेला नमुना दुर्मीळ नाही. पायानं चालवायच्या सिंगर शिलाई मशीनचंही तसंच. दिसायला देखणं, लोखंड भक्कम, पण अशी मशीनं लाखोंनी बनली आणि लोकांनी ती टाकली नाहीत. त्याच कंपनीचं १९३३मध्ये आलेलं ‘फेदरवेट २२१’ हे छोटं, हलकं मशीन मात्र आजही शिवणकाम करणारे शोधत असतात, कारण ते उचलून नेता येतं आणि अजून उत्तम चालतं.

मी स्वतःला चार गोष्टी विचारते. ही वस्तू आज कोणाला हवी आहे? अशा किती उरल्या असतील? हिची अवस्था कशी आहे? आणि ती घेणाऱ्याच्या घरापर्यंत किती सहज पोचेल? चौथा प्रश्न सगळे विसरतात. खिशात मावणारी वस्तू जगभरातलं गिऱ्हाईक शोधू शकते. चार माणसांनी उचलायच्या वस्तूला फक्त आसपासचंच गिऱ्हाईक मिळतं.

वस्तूत काही दम आहे का, हे मला घरबसल्या कसं कळेल?

उलटी करून बघा. बशीची पाठ, दागिन्याची कडी, चमच्याचा दांडा, खुर्चीची बैठक खालून, घड्याळाच्या झाकणाची आतली बाजू. वस्तूबद्दलची खरी माहिती बहुधा तिथे असते. जवळ एक भिंग, एक चुंबक, एक टॉर्च आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवा.

धातूपासून सुरू करू. ‘९२५’ किंवा ‘स्टर्लिंग’ असा शिक्का म्हणजे ९२.५ टक्के चांदी. युरोपातल्या अनेक जुन्या वस्तूंवर ‘८००’ असतं, म्हणजे ८० टक्के. अशा वस्तूला निदान धातूची किंमत कुठेही येते. ‘ईपीएनएस’ ही अक्षरं असतील तर तो निकेलच्या मिश्रधातूवर दिलेला चांदीचा मुलामा, त्यात वितळवून काढण्याजोगं काही नाही. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त एवढंच. सोन्यावर ९१६ म्हणजे २२ कॅरट, ७५० म्हणजे १८ आणि ५८५ म्हणजे १४ कॅरट. शिक्का खोटाही मारता येतो, म्हणून मनात शंका असेल तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासून घ्या आणि वजन घरून करून जा. पितळी समजून जपलेल्या वस्तूला चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि वर फक्त मुलामा. चांदी-सोन्याला चुंबक चिकटत नाही, पण ते तर तांब्यालाही चिकटत नाही. तेव्हा चुंबकानं फक्त खोटं पकडता येतं, खरं सिद्ध होत नाही.

चिनी मातीच्या भांड्यांमागचा छाप नीट वाचा. अमेरिकेच्या १८९०च्या आयात कायद्यामुळे १८९१पासून तिथे जाणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं बंधनकारक झालं. त्यामुळे बशीमागे नुसतं देशाचं नाव असेल तर ती बहुधा त्यानंतरची, आणि ‘मेड इन’ असं पूर्ण लिहिलं असेल तर बहुतेक वेळा विसाव्या शतकातली. ‘ऑक्युपाइड जपान’ हा छाप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२पर्यंतच्या काळातला. नामांकित छापांच्या नकला मात्र भरपूर असतात. माइसन या जुन्या जर्मन पोर्सलेन कारखान्याचं दोन तलवारींचं चिन्ह अठराव्या शतकापासून कित्येकांनी उचललं आहे, तेव्हा नुसत्या चिन्हावर विसंबू नका.

चित्र असेल तर भिंग लावा. एकसारख्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली की ते छापील. रंगाचे उंचवटे आणि ब्रशचे फटकारे दिसले तर मागची बाजू, चौकट आणि सही यांचे फोटो काढून जाणकाराला दाखवा. गालिचा उलटा करा: हातानं गाठी मारलेल्या गालिच्याची नक्षी पाठीमागेही जवळजवळ तितकीच स्पष्ट दिसते आणि झालर हे त्याच्या ताण्याचंच टोक असतं. यंत्रावरच्या गालिच्याला झालर नंतर शिवलेली असते.

भक्कम लाकडाचं मोठं फर्निचर आहे. त्याला तरी चांगला भाव येईल?

हे उत्तर ऐकताना लोकांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही, पण खरं तेच सांगायला हवं. जड, गडद रंगाच्या पारंपरिक फर्निचरची मागणी या शतकात फार खाली आली आहे. भिंतभर काचेचं कपाट, बारा जणांचं टेबल, कोरीव पलंग हे सगळं आजच्या खोल्यांत बसत नाही. लाकूड अस्सल असलं तरी घेणाऱ्याला ते ठेवायचं कुठे हा प्रश्न असतो.

काय चालतं? लहान, सुटसुटीत आणि आजही रोज उपयोगी पडणारं: लिहायचं छोटं टेबल, खणांची बुटकी पेटी, एकेकटी आरामखुर्ची, स्टूल, आरसा. १९५० ते १९७०च्या दरम्यानच्या साध्या सरळ रेषांच्या, विशेषतः डॅनिश पद्धतीच्या सागवानी फर्निचरला चांगली मागणी असते, आणि नावाजलेल्या रचनाकाराची किंवा कारखान्याची चिठ्ठी खालच्या बाजूला टिकून असेल तर आणखीच. खुर्च्या चार किंवा सहा एकसारख्या असतील तरच त्यांना संच म्हणून भाव; पाच खुर्च्यांचा संच विकणं किती अवघड जातं ते विकायला काढल्याशिवाय कळत नाही.

वय ओळखायचं असेल तर खण बाहेर ओढा. कोपऱ्यातले डव्हटेल सांधे, म्हणजे दोन फळ्यांचे एकमेकांत अडकणारे पंख्यासारखे दाते, जरा कमीजास्त मापाचे असतील तर ते हातानं कापलेले. अगदी एकसारखे असतील तर यंत्रावरचे, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरचे. पाठीमागच्या फळीवर करवतीच्या गोलाकार खुणा असतील तर ती चक्राकार करवतीनं कापलेली. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले, त्यामुळे ‘दोनशे वर्षांच्या’ कपाटात ते दिसले तर एकतर दुरुस्ती झाली आहे किंवा कपाट तेवढं जुनं नाही. कडेला भुशाच्या दाबलेल्या फळीचा चुरा दिसत असेल तर विकण्याचा विचार सोडून द्या, ते हलवतानाच मोडतं. आणि लाकडाला बारीक भोकं असून खाली ताजी पिवळसर भुकटी पडत असेल, तर कीड जिवंत आहे. असं फर्निचर कुणालाही देऊ नका, फुकटसुद्धा.

पियानोचं काय?

उभ्या पियानोला बहुतेक वेळा गिऱ्हाईक मिळत नाही. उलट हलवण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागतो. आत सुमारे २३० तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण १५ ते २० टनांपर्यंत जातो. ज्या लाकडी ठोकळ्यात खुंट्या बसवलेल्या असतात तो सैल पडला की पियानो सुरात राहत नाही, आणि ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीपेक्षा महाग पडते. नामांकित कंपनीचा ग्रँड पियानो असेल तर अनुक्रमांक टिपून जाणकार ट्यूनरला दाखवा. नसेल तर शिकणाऱ्या एखाद्या मुलाला देणं हाच चांगला मार्ग, पण आधी सूर तपासून घ्या. बेसूर पियानो ही भेट नव्हे, ओझं आहे.

जेवणाचा पूर्ण संच, काचेचे पेले, क्रिस्टल?

सोनेरी काठाचे आणि डिशवॉशरमध्ये न चालणारे संच फार सावकाश विकले जातात. एक गोष्ट मात्र करून पाहा: ज्याचं उत्पादन बंद झालं आहे अशा नक्षीचे सुटे तुकडे. कुणाच्या तरी संचातली एक बशी फुटलेली असते आणि तो नेमकी तीच शोधत असतो. सूपचं झाकणाचं भांडं, लोण्याची बशी, मोठं ताट असे मोडायला सोपे आणि मुळात कमी बनलेले तुकडे अख्ख्या संचापेक्षा लवकर जातात. टवका किंवा केसाएवढा तडा असेल तर नाही. कडेवरून बोट फिरवा आणि हलकेच टिचकी मारून आवाज ऐका, तडा गेलेलं भांडं बद्द वाजतं.

काचेत साच्याची शिवण दिसली तर ती दाबून घडवलेली, स्वस्तातली. हातानं कापलेल्या क्रिस्टलच्या कडा बोटाला धारदार लागतात. हिरवट-पिवळी काच अतिनील दिव्याखाली झगझगीत हिरवी दिसली तर ती युरेनियम काच असते, आणि ती जमवणारे लोक आहेत.

हजारभर पुस्तकं आहेत.

विश्वकोशांचे जाड संच, जुनी पाठ्यपुस्तकं, संक्षिप्त कादंबऱ्यांच्या मालिका आणि ग्रंथालयाचे शिक्के असलेली पुस्तकं सहसा विकली जात नाहीत. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकानं २०१२मध्ये छापील आवृत्ती बंद केल्याचं जाहीर केलं. त्याआधीच असे संच कुणी फुकटही नेत नव्हतं.

बघण्यासारखं काय, तर नंतर गाजलेल्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती, तीही मूळ वेष्टनासह. वेष्टन हा कागदाचा तुकडा आहे, पण विसाव्या शतकातल्या पुस्तकाच्या किमतीत त्याचा वाटा अनेकदा पुस्तकाहून मोठा असतो. त्याशिवाय कमी छापले गेलेले विषय: स्थानिक इतिहास, एखाद्या कारागिरीची हस्तपुस्तिका, संस्थांचे अहवाल, नकाशे, जुने व्यापारी कॅटलॉग. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, १९७० साली रूढ झाला. त्याआधीची पुस्तकं आकड्यावरून शोधता येत नाहीत, म्हणून ती घाईत निवडणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. ती वेगळी काढा आणि शीर्षक, प्रकाशक, वर्ष यांवरून शोधा. बुरशीचा वास येणारी पुस्तकं बाकीच्यांपासून लगेच दूर करा.

नाणी, तिकिटं आणि ‘मर्यादित आवृत्ती’च्या शोभेच्या बश्या?

पहिल्या दोन्हींसाठी नियम एकच: हात लावू नका. नाणी घासू नका, तिकिटं पाकिटावरून सोडवू नका. जुनं शिक्क्यासकट पाकीट सुट्या तिकिटापेक्षा अधिक मोलाचं असू शकतं. लहानपणी जमवलेल्या अल्बममध्ये बहुतेक तिकिटं सर्वसाधारण असतात, तरी एकदा जाणकाराकडून चाळून घ्यावा.

‘मर्यादित आवृत्ती’ या शब्दांनी फार लोकांना फसवलं आहे. मर्यादा अनेकदा इतकी मोठी असायची की ज्याला हवी त्याला ती बशी मिळालीच. जी वस्तू ‘पुढे किंमत वाढेल’ असं सांगून विकली गेली, ती सगळ्यांनीच खोक्यासकट जपली, म्हणून ती आज दुर्मीळ नाही. किंमत वाढते ती लोकांनी वापरून, मोडून, फेकून दिलेल्या वस्तूंची. साध्या खेळण्यांना म्हणूनच मागणी आहे, आणि मूळ खोकं असेल तर फारच. लेगोच्या १९५८पासूनच्या विटा आजच्या विटांतही बसतात, त्यामुळे त्या सुट्या, वजनावरसुद्धा विकल्या जातात.

रेकॉर्ड, कॅमेरे, रेडिओ, टेप, जुनी विजेची उपकरणं?

१९४८मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली. तिच्या आधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्ड जड, ठिसूळ आणि बहुतांशी सर्वसाधारण असतात. त्यातल्या मोजक्याच प्रकारांना मोठा भाव आहे. एलपीमध्ये पहिली छपाई, ओरखडे नसणं आणि आवरणाची अवस्था हे तीन मुद्दे. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक टिपून ठेवा, छपाई कोणती ते त्यावरूनच कळतं.

कॅमेऱ्यांत साधे पेटीवजा कॅमेरे लाखोंनी विकले गेले होते, ते शोभेलाच जातात. लायका, रोलाईफ्लेक्स, हॅसलब्लाड यांसारखी नावं दिसली तर थांबा. भिंगातून आरपार टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे आणि किंमत घसरते. सुटी भिंगं विसरू नका, कधी कधी ती कॅमेऱ्यापेक्षा लवकर जातात.

चांगल्या कंपनीचा अँप्लिफायर, टर्नटेबल, कॅसेट डेक यांना मागणी आहे. व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) प्लेअर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई हिनं २०१६मध्ये उत्पादन थांबवलं, म्हणून चालू स्थितीतला प्लेअर टाकून देऊ नका. घरच्या जुन्या टेप उतरवून घ्यायला लोकांना तो लागतो. मात्र त्यासोबतच्या सिनेमांच्या टेपना गिऱ्हाईक नाही. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ वर्षानुवर्षं बंद असेल तर ‘चालतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका. आतले कपॅसिटर फुटू शकतात. ‘तपासलेला नाही’ असं लिहून विका, ते जास्त प्रामाणिक आणि सुरक्षित आहे.

जुनी पत्रं, फोटो, बिलं, तिकिटं यांना कोण विचारतं?

पुष्कळ जण. मला सगळ्यात जास्त हळहळ याच गोष्टीची वाटते. आईवडिलांच्या घरातली जुनी पत्रकं, दुकानांची सचित्र बिलं, प्रवासाची वेळापत्रकं मी चार पोती भरून रद्दीत दिली. संग्राहक, इतिहासाचे अभ्यासक, संग्रहालयं असे कागद शोधत असतात, कारण ते जपण्यासाठी कुणी छापलेच नव्हते आणि म्हणून ते उरलेही नाहीत. रस्ते, इमारती, कामाच्या जागा, कारागीर, वाहनं दिसणारे फोटो अनोळखी माणसालाही हवे असतात. कुटुंबाचे नुसते चेहरे सहसा नाही. मागे ठिकाण आणि वर्ष लिहिलं असेल तर मोल वाढतं. अजून कुणी ओळखणारं हयात असेल तर त्यांच्याकडून आजच पेन्सिलीनं लिहून घ्या.

विकण्याआधी घासूनपुसून, रंग लावून ठेवू का?

धूळ पुसा, बास. पॉलिश, वॉर्निश, ॲसिड, तारेचा काथ्या यातलं काहीही नको. काळानं आलेली झाक घेणाऱ्याला हवी असते. ती गेली की परत आणता येत नाही. मनगटी घड्याळाची डायल नव्यानं रंगवली तर किंमत खाली येते, जुनी डागाळलेली असली तरी मूळचीच बरी. दुरुस्ती गिऱ्हाइकावर सोडा. साधं वापरायचं सामान याला अपवाद: फ्रिज, सायकल, कपाट स्वच्छ असेल तर लवकर जातं.

किंमत कुठे बघायची? इंटरनेटवर तर एकाच वस्तूचे कितीतरी भाव दिसतात.

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणीही काहीही आकडा टाकू शकतो, आणि जे फार महाग असतं तेच महिनोन्‌महिने न विकता दिसत राहतं. ईबेसारख्या ठिकाणी प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात, लिलावगृहंही मागचे निकाल प्रसिद्ध करतात. तिथले पाच-सहा भाव घ्या, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा सोडा.

विम्याच्या कागदावरच्या आकड्याला भुलू नका. तो वस्तू हरवली तर तशीच नवी आणायला किती लागतील याचा असतो. खुल्या बाजारात पुरेसा वेळ घेऊन मिळणारी किंमत त्याहून बरीच कमी असते, आणि घर पंधरा दिवसांत रिकामं करायचं असेल तेव्हाची त्याहूनही कमी.

मूल्यमापक बोलवावा का? आणि विकायचं कुठे?

टेबलावरच्या मोजक्या वस्तूंसाठी, हो. पण मूल्य सांगणारा आणि विकत घेणारा एकच नसावा, आणि त्याची फी वस्तूच्या किमतीच्या टक्क्यांत नसावी, ठरावीक असावी. बोलावण्याआधी फोटो पाठवा, निम्म्या गोष्टींचं उत्तर तिथेच मिळतं.

खरोखर दुर्मीळ वस्तू लिलावात, त्यातही त्या विषयाचा लिलाव करणाऱ्याकडे. आधी लेखी विचारा: कमिशन किती, फोटो, विमा, वाहतूक यांचे वेगळे पैसे आहेत का, किमान राखीव किंमत ठेवता येईल का, न विकल्यास परत आणण्याचा खर्च कोणाचा. लहान आणि पाठवण्याजोग्या वस्तू ऑनलाइन, जड वस्तू आसपासच्याच माणसाला. उरलेलं सगळं एकगठ्ठा नेणारा व्यापारी कमी पैसे देतो, पण घर रिकामं करून देतो. त्याला बोलवायचं ते टेबलावरच्या मोजक्या वस्तू बाजूला काढून झाल्यावर. ऑनलाइन व्यवहारात कुणी ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवून ‘वरचे परत करा’ म्हणालं तर तिथेच थांबा. ही ठरलेली फसवणूक आहे.

सगळेच आम्ही धरलेल्यापेक्षा निम्मा भाव सांगतात. लुबाडतायत का?

एखादा असेलही, म्हणून तीन ठिकाणी विचारावं. पण तिघांनीही सारखंच सांगितलं तर आपला अंदाज तपासायला हवा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि अर्थशास्त्रज्ञ जॅक नेच व रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जणांना कॉफीचे साधे मग दिले होते. तो हातात आल्यावर काही वेळातच, विकायला त्यांनी जी किंमत मागितली ती कॉफीचा मग न मिळालेल्यांनी द्यायची तयारी दाखवलेल्या किमतीच्या सुमारे दुप्पट होती. एका मगाचं हे, तर चाळीस वर्षं घरात असलेल्या टेबलाचं काय होणार? शिवाय व्यापाऱ्याला जागेचं भाडं, दुरुस्ती आणि न खपण्याचा धोका सोसायचा असतो. तो पुढे ज्या भावाला विकेल त्याच्या निम्म्याहून कमी तुम्हाला देऊ करणं यात अप्रामाणिक काही नाही.

विकूच नये अशा वस्तू कोणत्या?

हस्तिदंत, कासवाच्या पाठीच्या वस्तू, वन्यप्राण्यांची कातडी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा ‘साइट्स’ करार १९७५पासून लागू आहे, आणि आफ्रिकी हत्तीच्या दंतावरच्या बंदीचा निर्णय १९८९मध्ये झाला. वस्तू वारशानं आली असली तरी ती विकणं गुन्हा ठरू शकतं. आपल्या देशाचा कायदा आधी बघा. कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंताची शक्यता. बारीक काळसर ठिपके दिसले तर बहुधा हाड. शिसवीच्या संपूर्ण डाल्बर्जिया प्रजातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७पासून नियंत्रण आहे, त्यामुळे असं फर्निचर परदेशी पाठवण्याआधी चौकशी करा.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांच्या, १९६०च्या दशकापर्यंतच्या घड्याळांत रेडियमचा रंग असू शकतो. चमक विझली तरी रेडियम राहतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. काच उघडू नका. लहान मुलांच्या जुन्या कारसीट, हेल्मेट, सरकत्या कठड्याचे पाळणे विकूही नका, देऊही नका. गाद्या कुणी घेत नाही. फोन आणि संगणक माहिती पूर्ण पुसल्याशिवाय हातातून सोडू नका.

मुलांना काहीच नको आहे.

खरंच नको असतं. त्यांची घरंही भरलेली आहेत. ‘तुला काय हवं?’ असं मोघम विचारण्यापेक्षा वीस वस्तूंचे फोटो पाठवा, मागे त्या कुठून आल्या ते दोन ओळींत लिहा आणि उत्तरासाठी तारीख द्या. एखादी अनपेक्षित गोष्ट मागितली जाते. बहुतेक वेळा ती मोडकी, रोजच्या वापरातली असते. ती द्या आणि उरलेल्याचा आग्रह धरू नका.

वस्तू दाराबाहेर जाण्याआधी शेवटचं काय बघू?

खण पूर्ण बाहेर काढून त्यांच्या मागची पोकळी. कोटांचे खिसे, अस्तर. पर्सचे आतले कप्पे. पुस्तकं कण्याला धरून उलटी हलवा. गाद्यांखाली, घड्याळाच्या पेटीत, शिवणाच्या डब्यात, पिठाच्या रिकाम्या डब्यातही हात घाला. वयस्क माणसं पैसे आणि दागिने कुठे ठेवतात त्याला नेम नसतो. चौकटींची पाठ उघडा. आमच्या घरातलं एक फिकट झालेलं निसर्गचित्र मी देऊन टाकणार होते, खिळे काढले तर पुठ्ठ्याच्या मागे आईच्या शाळेतला वर्गाचा फोटो निघाला. चित्र गेलं, फोटो माझ्याकडे आहे.